दोन व्याही आणि एक पाया

ती. अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार, पण तो कागदावरच. प्रत्यक्षात माझ्या आठ अंगांपैकी सध्या निम्मीच वाकतात, आणि जी वाकतात ती परत सरळ होत नाहीत. (कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्याबरोबर फिरायला येतो? माझी तब्येत उत्तम आहे, कारण पत्रात ती उत्तमच असावी लागते. सिमेंटने बोटांना भेगा पडल्यात, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोनच केला असता, पण ज्यांच्याविषयी बोलायचंय ते पलीकडच्याच खोलीत माझे स्क्रू निवडत बसलेत आणि त्यांचे कान फार तिखट आहेत.

हे पत्र तक्रारीचं आहे आणि तक्रार तुझ्याविरुद्ध आहे. माझ्या लेकीचं लग्न तू जमवलंस. स्थळ उत्तम, जावई लाखात एक, त्याबद्दल मी तुझा जन्माचा ऋणी आहे. पण जावयाला वडीलही असतात, हा मजकूर तू तेव्हा घाईघाईत उरकलास. आणि मी परसात रेडिओचा टॉवर बांधायला घेतोय हे कळल्यावर त्यांना फोन करून, तुमचे व्याही एकटेच खपतायत, तुम्हीही विहीणबाई गेल्यापासून एकटेच बसून असता, जाऊन या, तेवढाच बदल, असं सांगणारीही तूच, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ते आले. एक बॅग घेऊन आले आणि दारातच हात जोडून म्हणाले, "टॉवर उभा राहिला की दुसऱ्या दिवशी निघतो. तोवर मला घरचाच समजा." तेव्हापासून मी तो टॉवर उभा राहण्याची देव पाण्यात घालून वाट पाहत होतो.

टॉवर कशासाठी ते तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, म्हणजे निदान सुरुवातीला तरी माझं डोकं ठिकाणावर होतं याची तुला खात्री पटेल. लेक आणि जावई दोघंही हवामान केंद्राच्या त्या बेटावर. तिथे पोचायचं ते बोटीने, आणि वादळाचे दिवस सुरू झाले की बोट बंद. मग पत्र नाही, पार्सल नाही. फोन असतो तो केंद्राच्या कामापुरता. उरतो रेडिओ. दर रविवारी सकाळी लेक तिथल्या संचावर येते आणि इथे मी माझ्या जुन्या संचाला कान लावून बसतो. (आयुष्यभर दुकानात बसून लोकांचे मुके रेडिओ बोलते केले, आणि स्वतःच्या लेकीचा आवाज मात्र खरवडून काढावा लागतो.) माझी अँटेना म्हणजे पाण्याच्या टाकीपासून शेजारणीच्या झाडापर्यंत ताणलेली एक तार. तिच्यावर कावळा बसला की लेक नाहीशी व्हायची. अलीकडे तर नुसता कढईत तळण चालल्यासारखा आवाज आणि त्यातून मधेच "बाबा", एवढंच. बोट बंद व्हायच्या आत उंच टॉवर उभा राहिला नाही, तर ते सगळे महिने पोरं कशी आहेत हे आम्हा दोघा बापांना कळणार नव्हतं. एवढी एक गोष्ट गंभीर होती, बाकीच्यावर तू खुशाल हस.

आता व्याही. माणूस सज्जन आहे, हे आधीच लिहून ठेवतो. हयात बेकरीत गेली. आता बेकरी पुतण्याच्या हाती देऊन मोकळे झालेत, पण हात काही मोकळे राहत नाहीत. दिवस उजाडायच्या आत उठतात, खिडक्या उघडतात आणि माझ्या ओव्हनमध्ये पाव लावतात. (माझ्याकडे ओव्हन नव्हता. आता आहे.) एक पाव शेजारणीला, एक गवंड्याला, एक कुणीतरी येईल म्हणून. माझे स्क्रू, नट आणि वॉशर त्यांनी आकाराप्रमाणे बिस्किटांच्या डब्यांत लावून टाकले, त्यामुळे मला आता काहीच सापडत नाही. पण हे सगळं चाललं असतं. खरी पंचाईत त्यांच्या नम्रपणाची. मी मुलीचा बाप, म्हणून मी नमतं घ्यायचं. ते पाहुणे, म्हणून त्यांनी नमतं घ्यायचं. सकाळी न्हाणीघराबाहेर "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" असं सुरू व्हायचं आणि तेवढ्यात बादलीतलं गरम पाणी निवून जायचं. माझा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही हे समोर दिसायचं, तरी "वा, काय चहा!" म्हणून ते दुसरा कप मागायचे, आणि मी बापडा पुन्हा आधण ठेवायचो.

खड्ड्यापासूनच सुरुवात झाली. माझ्या मनात जागा होती ती परसाच्या टोकाला, कुंपणाशी. त्यांच्या मनात होती घराच्या भिंतीलगत, वाऱ्याला आडोसा म्हणून. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथे. ते म्हणाले, घर तुमचं, तुम्ही म्हणाल तिथे. गवंडी कुदळ घेऊन ताटकळत उभा. (गवंडी कामाला बरा आहे, पण त्याला ऐकण्याची फार हौस.) शेवटी एकमेकांचा मान राखत मी थोडा भिंतीकडे सरकलो, ते थोडे कुंपणाकडे सरकले, असं करत करत आम्ही जिथे भेटलो तिथे गवंड्याने वैतागून कुदळ मारली. ती जागा मागच्या दाराच्या बरोब्बर समोर आहे. त्या दिवसापासून परसात उतरायचं तर मला पोट आत ओढून तिरकं व्हावं लागतं, आणि शेजारीण कुंपणावरून विचारते की दारात खांब रोवायचा सल्ला मला कुणी दिला.

मग काँक्रीट. टॉवर म्हणजे तीन पायांची लोखंडी शिडीच म्हण. तिचे माणसाहून उंच असे तुकडे येतात. प्रत्येकाचं एक टोक निमुळतं आणि दुसरं पोकळ. सगळ्यात खालचा तुकडा निमुळती टोकं वर करून खड्ड्यात उभा करायचा, त्याच्या कंबरेपर्यंत काँक्रीट ओतायचं, आणि ते घट्ट झालं की वरचे तुकडे एकावर एक टोपीसारखे चढवत जायचे. एवढं साधं काम. त्या दिवशी गवंड्याची माणसं खडी, वाळू आणि सिमेंट कालवत होती, मी ओळंबा धरून उभा होतो (म्हणजे दोरीला टांगलेलं ते वजन, खांब सरळ आहे की नाही ते दाखवणारं), आणि व्याह्यांनी मोठ्या उत्साहाने तळाचा तुकडा उचलून खड्ड्यात उभा केला. उलटा. पोकळ टोकं वर.

मी पाहिलं, अक्का. लगेच पाहिलं. पण मुलीच्या सासऱ्यांना चार माणसांदेखत "उलटं धरलंय" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? म्हटलं, त्यांचं त्यांच्या लक्षात येईल. आणि (हे मला नंतर कळलं) त्यांच्या लक्षात आलंही होतं. पण मी समोर उभा राहून मान डोलावत होतो, कारण ओळंबा झुलत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. त्यांना वाटलं, मला हे पसंत आहे. रेडिओतलं आपल्याला काय कळतं, अँटेनेसाठी असंच उलटं लावत असतील, आणि व्याह्यांच्या परसात उभं राहून व्याह्यांची चूक कशी काढायची? गवंड्यालाही शंका आली होती म्हणे. त्याने आम्हा दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि ठरवलं की मालकांची मर्जी. अशा रीतीने, तीन जाणत्या माणसांच्या डोळ्यांदेखत, कुणाचंही मन न दुखवता, काँक्रीट ओतलं गेलं.

त्यात व्याह्यांनी त्या पायाची बडदास्त काय ठेवली म्हणतेस! काँक्रीट म्हणजे त्यांना मळून ठेवलेलं पीठच वाटतं. ओलं गोणपाट पांघरलं, वेळच्या वेळी पाणी शिंपडलं, मला जवळ फिरकू दिलं नाही. सारखं उघडून पाहिलं की बिघडतं म्हणाले. (मी म्हटलं, हे काही फुगणार नाही. ते म्हणाले, सांगता येत नाही.) पुढे दुसरा तुकडा चढवायला गेलो तर तो बसेना, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मला वाटलंच होतं." मग पाया फोडायला एक धिप्पाड गृहस्थ बोलावले. सकाळपासून घण घालून घालून त्यांनी एक कोपरा तेवढा उडवला आणि हात टेकले. जाताना विचारून गेले की खाली काय पुरलंय ते खरं सांगा. आता तू म्हणशील, सगळेच तुकडे उलटे लावायचे. मीही तेच म्हणालो. पण शेंड्याचा तुकडा एकाच बाजूने बसतो, उलटा लावला तर अँटेना जमिनीकडे बघत राहील, आणि लेक काही जमिनीखाली राहत नाही. तेव्हा पहिला पाया आहे तसाच राहिला. त्याच्यावर आम्ही कप ठेवतो आणि त्याच्या तीन पायांवर ओली फडकी वाळत घालतो. एक तुकडा तिथे कायमचा अडकल्यामुळे टॉवर तेवढा बुटका झाला.

इकडे बोटीची शेवटची फेरी तोंडावर आलेली. त्या रविवारी संच लावला तर नुसतं तळण. लेकीचा "बाबा"सुद्धा नाही. व्याही माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मी संच बंद केला तरी उठले नाहीत. म्हणाले, "पोराला थंडी सोसत नाही हो." अक्का, आमच्या सभ्यपणापायी पोरांचा आवाज तुटायची वेळ आली होती. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की पहिल्याच्या शेजारी दुसरा खड्डा घ्यायचा (म्हणजे आता मागच्या दाराने बाहेर पडताच येत नाही, पुढून वळसा घालावा लागतो), आणि काँक्रीट ओतून होईपर्यंत आपण एकमेकांचे कुणी नाही. मी मुलीचा बाप नाही, तुम्ही मुलाचे बाप नाही. मनात येईल ते तोंडावर बोलायचं.

त्यांनी ते एका क्षणात मान्य केलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "तुमचा चहा भयंकर असतो."

तिथून जो बांध फुटला तो फुटलाच. मी म्हटलं, तुमच्या पहाटेच्या भांड्यांनी माझी झोप उडालीय. ते म्हणाले, ओळंबा धरताना तुमचा हात थरथरतो. मी म्हटलं, तुम्ही नेमके माझा उजेड अडवून उभे राहता. इथपर्यंत कामाचं होतं. पण काँक्रीट कालवून होईतो गाडी घसरत घसरत लग्नावर गेली. व्याह्यांनी लग्नासाठी स्वतःच्या हाताने केलेला तीन मजली केक आमच्या माणसांनी उन्हात ठेवला आणि त्याचा वरचा मजला खालच्यात बसला, हे त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मग मीही त्यांच्याकडची बस किती उशिरा आली आणि तिच्यातून सांगितल्यापेक्षा किती जास्त माणसं उतरली ते काढलं. आवाज चढले. शेजारीण स्टूल घेऊन कुंपणाशी आली. गवंडी भरलेलं घमेलं हातात धरून तल्लीन झाला होता आणि मधूनमधून विचारत होता की मग केकचं पुढे काय झालं. शेवटी शेजारीणच ओरडली, "अहो, ते वाळतंय!" मग जी धांदल उडाली ती विचारू नकोस. भांडत भांडतच ओतलं. डावीकडे घ्या, तुमच्या डावीकडे नव्हे, मला डावंउजवं शिकवू नका, असं करत करत ओळंबा धरला, निमुळती टोकं वर आहेत ना ते दोघांनी आलटून पालटून बोट लावून पाहिलं, आणि अक्का, तो पाया असा काही देखणा बसला की गवंड्याने त्यावर थापीच्या टोकाने स्वतःचं नाव कोरायची परवानगी मागितली.

त्यानंतर दोघंही दमून जुन्या पायावर बसलो. दोघांच्याही पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं. लग्नातला केक खरंच आमच्याच माणसांनी उन्हात ठेवला होता, हे मी कबूल केलं. व्याही उठले, आत गेले आणि चहा करून आणला. तो चांगला होता. तसं मी त्यांना सांगितलं, आणि तेव्हापासून चहाचं खातं त्यांच्याकडे आहे.

काँक्रीट मुरायला वेळ हवा होता, तेवढ्यात बोट बंद झाली. या खेपेला गोणपाटावर पाणी मीही मारलं, आणि मारलं ते त्यांनी सांगितलं तसंच मारलं. मग गवंड्याची माणसं तुकडा तुकडा वर चढवत गेली. मी खालून सूचना देत होतो आणि व्याही माझ्या सूचना दुरुस्त करत होते. शेंड्यावरच्या माणसाने शेवटी आम्हा दोघांकडे पाठ फिरवली आणि काम पुरं केलं.

रविवारी संच लावला. एक खरखर झाली आणि लेक खोलीत आली, अक्का. याहून वेगळं काय लिहू? तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. म्हणाली, "बाबा, जेवलात का?" सकाळची वेळ होती, तरी मी हो म्हटलं. मग जावई आले. व्याह्यांनी माझ्या हातातून माइक जवळजवळ हिसकावला (नम्रपणा गेला तो गेलाच), आणि स्वेटर घालतोस का, वेळेवर खातोस का, दाढी कशाला वाढवलीस, असं विचारत सुटले. (दाढी कुठून दिसणार? पण आवाजावरून ओळखली म्हणाले, आणि ती खरी निघाली.) तिकडे वारा घोंघावत होता तोही ऐकू येत होता, आणि त्या वाऱ्यात पोरं ठणठणीत होती. शेवटी लेक म्हणाली, "तुम्ही दोघं एका घरात आहात ना, म्हणून मला इथे झोप लागते." मी सरळ रडलो. व्याहीही रडले, पण डोळ्यात पीठ गेलं म्हणाले.

तर काम फत्ते झालं. व्याह्यांनी शर्टांच्या घड्या घालून बॅग भरलीय, उद्या सकाळी निघतात. सुटलो एकदाचा. आता माझं घर माझं. हवं तेव्हा उठेन, स्क्रू पुन्हा जमिनीवर पसरीन, न्हाणीघराबाहेर कुणी खोळंबलेलं नसेल. एकच ताट घ्यायचं, एकच कप विसळायचा, किती सोपं! संध्याकाळी कुणी माझं म्हणणं खोडून काढणार नाही. तू मला त्यांच्या रूपाने जी शिक्षा फर्मावलीस ती माझी भोगून झाली आहे, तेव्हा तुझ्यावर राग नाही.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तू जिने चढू नकोस.

तुझा,
सिमेंटात माखलेला धाकटा

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि मधे थोडं घडलं. सकाळी व्याही बॅग घेऊन दारात उभे राहिले. मी म्हटलं, जरा थांबा, टॉवर एकदा बघून येतो. परसात जाऊन ओळंबा लावला. दोरी टॉवरच्या कडेने अशी उतरली की केसाचाही फरक नाही. मी परत आलो आणि म्हणालो, "व्याहीबुवा, टॉवर कललाय." तोंडातून कसं निघालं कोण जाणे. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि वळसा घालून परसात आले. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं, ओळंब्याची दोरी बोटांत धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "कललाय खरा. चांगलाच कललाय. असा टाकून जाणं बरं दिसत नाही." आत गेले आणि शर्ट पुन्हा खुंटीला लावले. वादळाचे दिवस संपेपर्यंत रोज नजर ठेवावी लागेल, असं त्यांचं मत पडलं. मी विरोध केला नाही.

आणखी एक, आणि पत्र आता खरं म्हणजे यासाठीच धाडतोय. तुझा फोन आत्ता व्याह्यांनीच घेतला. येत्या रविवारी दाजी टॉवर पाहायला येणार आणि रस्तेबांधणीच्या काळातली ती तिपाईवरची दुर्बीण घेऊन येणार, हे मला सांगताना त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. अक्का, तुझ्या हातापाया पडतो, दाजींना आवर. ते पडले खरे इंजिनिअर. दुर्बीण लावतील, टॉवर सुतात आहे म्हणून सांगतील, आणि व्याह्यांना संध्याकाळची गाडी मिळेल. तुम्ही दोघं जरूर या, ताजा पाव खा, पण दुर्बीण घरी ठेवा. आणि दाजींनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलंच, तर "कललाय" एवढंच म्हणावं. कुठल्या बाजूला, ते बोलू नये. मी पूर्वेला म्हणतो, व्याही पश्चिमेला म्हणतात, सकाळपासून आमचा वाद चाललाय, आणि तो मिटवायची दोघांनाही मुळीच घाई नाही.